मदत हवी आहे: एस्सेल वर्ल्डचा जुना नकाशा कसा जपावा?

नमस्कार मंडळी, मी भुसावळचा. मागच्या आठवड्यात वडिलांची, म्हणजे अण्णांची, पत्र्याची पेटी आवरताना एस्सेल वर्ल्ड या मुंबईच्या मनोरंजन पार्कचा घडीचा नकाशा आणि तिकिटाचा अर्धा तुकडा सापडला. आम्ही रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो होतो, मग मार्वेहून बोटीने गोराईला. नकाशावर 'झिपर डिपर' या रोलर कोस्टरभोवती अण्णांनी निळ्या बॉलपेनने गोल केलाय. बोटीत पाणी उडालं, त्याचा डागही तसाच आहे.

पार्क 1989 मध्ये सुरू झालं. शेजारचं वॉटर किंगडम 1998 चं, ते या नकाशावर नाही, म्हणजे नकाशा त्याआधीचा असावा. याच काळातला नकाशा किंवा तिकीट कुणाकडे असेल तर फोटो टाका. कोणते पाळणे कधी आले, कधी काढले, ते ताडून पाहता येईल.

दुसरं, घडीवर लावलेली चिकटपट्टी पिवळी पडून कागदाला धरून बसली आहे. ओढली तर रंग निघतोय, म्हणून थांबलो. दुकानदार लॅमिनेशन कर म्हणतो, पण ते एकदा केलं की परत सोडवता येत नाही, म्हणून मन होत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कागद कसा ठेवावा? जळगाव-धुळ्याकडे जुने कागद दुरुस्त करणारं कुणी माहीत आहे का? विकायचं नाहीये, अण्णांची आठवण आहे.