‘पार्स करणे’ : पदच्छेद, चाळणे की पदपरिस्फोट?

नागिओस म्हणजे यंत्रं आणि सेवांवर नजर ठेवणारी प्रणाली. तिची स्टेटस डॅट (सद्यस्थितीची) फाइल वाचून बिघडलेल्या सेवांची यादी काढणारी, ऑक या मजकूर हाताळणाऱ्या भाषेतली छोटी स्क्रिप्ट आहे. तिच्या मराठी टिपणात ‘पार्स करणे’साठी, म्हणजे मजकुराची रचना ओळखून त्याचे भाग वेगळे करण्यासाठी, ‘पदच्छेद’ चालेल का?

— पदच्छेदाने अर्धंच काम सांगितलं जातं. संधी सोडवून पदं सुटी केली की तो संपला; इथे ‘नाव=किंमत’ अशी ओळ ‘=’वर तोडली की तेवढं झालं. तेही पहिल्याच ‘=’वर तोडा बरं का. परफॉर्मन्स डेटाच्या (मोजमापांच्या) ओळीत ‘/=२६४३एमबी;५९४८;५९५८;०;५९६८’ असं काही असतं. ‘=’ला विभाजक करून दुसरा रकाना घेतलात तर हातात नुसता ‘/’ येतो. ऑकच्या इंडेक्स फंक्शनने पहिल्या ‘=’ची जागा शोधायची आणि पुढचं सगळं सबस्ट्रने उचलायचं.

— मग ‘चाळणे’ का नको? ग्रेप या ओळी शोधणाऱ्या आज्ञेने ‘करंट_स्टेट=२’ शोधलं की ओळी मिळतातच.

— मिळतात, पण कोणाच्या ते कळत नाही. फाइलमध्ये महिरपी कंसांतले ठोकळे असतात. होस्टस्टेटसच्या (यंत्राच्या) ठोकळ्यात २ म्हणजे यंत्रापर्यंत पोचता येत नाही. सर्व्हिसस्टेटसच्या ठोकळ्यात तोच २ म्हणजे सेवा क्रिटिकल. शाळेतला ‘वर’ आठवा. ‘देवाने वर दिला’ इथे नाम, ‘तो वर गेला’ इथे क्रियाविशेषण, ‘झाडावर’मध्ये शब्दयोगी. वाक्यातली जागा बघून पदाची जात सांगणं म्हणजे व्याकरण चालवणं, त्यालाच पदपरिस्फोट म्हणतात. व्याकरणातल्या पार्सिंगला जुना मराठी शब्द तोच आहे, आणि स्क्रिप्टही तेच करते: ‘{’ असलेल्या ओळीवरून ठोकळ्याचं नाव लक्षात ठेवायचं, आतल्या जोड्या साठवायच्या, ‘}’ आला की छापून साठा रिकामा करायचा. रिकामा करायला विसरलात तर मागच्या सेवेची किंमत पुढच्या ठोकळ्यात डोकावते. आणि ‘}’ ओळीत एकटाच असेल, फार तर आधी टॅब, तरच ठोकळा संपला समजा; प्लगिनच्या, म्हणजे तपासणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, मजकुरातही महिरप येऊ शकते.

— अर्थ पटला, पण ‘पदपरिस्फोट’ ऐकून नवा माणूस टिपण मिटून ठेवील. मी ‘उकलणे’ लिहीन. ‘उलगडणे’ झिप फाइलसाठी राखून ठेवू.

— ‘उकलणे’ चांगलं आहे. शीर्षकात ‘पार्स करणे’च असू द्या, शोधणारा तेच शोधतो.

— एक राहिलं. करंट_स्टेट ० दिसलं म्हणून ‘ठीक’ लिहू नका. हॅज_बीन_चेक्ड ० असेल तर तपासणी अजून झालेलीच नाही. तिथे ‘प्रलंबित’ लिहा.

— फाइल वेळेवर ताजी झाली नाही तर तिला ‘स्टेल’ म्हणतात; त्याला ‘कालबाह्य’ की ‘जुनी’?

— शिळी. नागिओस रीतसर थांबला की ही फाइल पुसली जाते, म्हणून ‘फाइल नाही’ ही शक्यता वेगळी हाताळा. तो कोसळला तर मात्र शेवटची फाइल तशीच पडून राहते आणि सगळं आलबेल दिसतं. इन्फो ठोकळ्यातली क्रिएटेडची वेळ सेकंदांत असते. ती आताच्या वेळेतून वजा करा. नमुना कॉन्फिगमध्ये फाइल दर १० सेकंदांनी लिहिली जाते, तेव्हा फरक काही मिनिटांवर गेला तर यादी न छापता ‘फाइल शिळी’ एवढंच छापा.