एलियन: आयसोलेशन – लपण्यातच खरी भीती

'नुसतं कपाटात लपून बसायचं, याला काय गेम म्हणायचं?' हे या गेमबद्दलचं मत मला अजिबात पटलं नाही. २०१४च्या या गेमची सगळी भीती त्या लपण्यातच आहे. आपल्या मागावर असलेला तो परग्रहावरचा प्राणी मरतच नाही. आग फेकणाऱ्या फ्लेमथ्रोअरने फार तर थोडा वेळ पळतो. हालचाल टिपणारा मोशन ट्रॅकर त्याचा ठावठिकाणा दाखवतो खरा, पण तो जवळ असेल तर ट्रॅकरची टिकटिक त्यालाही ऐकू जाते! आणि गेम सेव्ह करणं? भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून एकेक दिवा लागायची वाट बघायची, तेवढ्यात पाठीतून शेपूट आरपार. १९७९च्या 'एलियन' सिनेमातले कॉम्प्युटरचे जुनाट हिरवे स्क्रीन, जाडजूड बटणंही काय सुंदर उतरलीत. शेवट जरा लांबलाय, हे मात्र मान्य. हेडफोन लावून एकदा खेळाच.