एनममागचा आकडा: पूर्णांक, क्रमांक की संकेतांक?

मूळ प्रश्न

पदविकेच्या मुलांसाठी सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डब्ल्यूपीएफ हे पडद्यावरच्या खिडक्या रचायचं साधन, यांची टिपणं मराठीत लिहिते आहे. ‘इंटीजर’ला पूर्णांक, ‘व्हेरिएबल’ला चल, इथपर्यंत शाळेच्या गणिताने हात दिला. अडले आहे ती एनमपाशी. एनम म्हणजे आधीच ठरवून दिलेल्या मोजक्या नावांचा प्रकार. तक्रारीची स्थिती ‘नवी’, ‘सुरू’ किंवा ‘बंद’, याखेरीज काही नाही. प्रत्येक नावामागे एक पूर्णांक असतो आणि आपण काही सांगितलं नाही तर ०, १, २ असे आकडे आपोआप लागतात. पडद्यावरच्या कॉम्बोबॉक्सशी (उघडून पर्याय निवडायच्या यादीशी) हे बाइंड करताना, म्हणजे एकीकडचा बदल दुसरीकडे आपोआप पोचेल असं जोडताना, नावावरून आकडा आणि आकड्यावरून नाव अशी सारखी ये-जा होते.

‘प्रगणित प्रकार’ लिहून पाहिलं, पण प्रगणक म्हटलं की जनगणनेला दारात येणारे गुरुजीच आठवतात. एनमला काय म्हणावं? आणि नावामागच्या त्या आकड्याला? ही ये-जा करून देणाऱ्या ‘कन्व्हर्टर’लाही शब्द हवा आहे.

प्रतिसाद

मी गणित शिकवतो, म्हणून पहिल्या प्रश्नापुरतं बोलतो. नववीत ‘संच’ प्रकरणात संच लिहायच्या दोन पद्धती येतात: यादी पद्धती आणि गुणधर्म पद्धती. तुमचा एनम सरळ यादी पद्धतीचा आहे. घटक एकेक करून लिहायचे, कंस बंद करायचा. त्यामुळे ‘यादीप्रकार’ मुलांना लगेच कळेल. अर्थाने सर्वांत नेमका शब्द ‘परिगणित’ आहे. परिगणन म्हणजे पुरती मोजदाद, जिच्याबाहेर काही उरत नाही. पण तो पदविकेच्या वर्गात जड होईल.

‘पूर्णांक’ वापरताना एक सांभाळा. ‘दोन पूर्णांक एक द्वितीयांश’ असं वाचायची सवय असलेली मुलं पूर्णांक म्हणजे अपूर्णांकाचा पुढचा भाग असंही समजतात.

प्रतिसाद

ताई, तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या एका शब्दाच्या गोंधळापायी आमच्या चमूचा अख्खा आठवडा गेला आहे.

तुमच्यासारखीच स्थितीची यादी होती: नवी ०, सुरू १, बंद २. डेटाबेसात आकडे साठवलेले. पुढे कुणीतरी ‘सुरू’ आणि ‘बंद’च्या मध्ये ‘थांबवलेली’ घातलं. आकडे आपोआप लागत असल्यामुळे ‘थांबवलेली’ला २ मिळाला आणि ‘बंद’ ३ वर सरकलं. जुन्या सगळ्या बंद तक्रारी पडद्यावर ‘थांबवलेली’ म्हणून दिसू लागल्या. चूक दाखवणारा एकही संदेश आला नाही.

मग आम्ही शहाणे होऊन प्रत्येक नावाला स्वतः आकडा दिला: १०, २०, ३०, ४०. आता कॉम्बोबॉक्स बिघडला, कारण तो सिलेक्टेडइंडेक्सशी बाइंड केलेला होता. सिलेक्टेडइंडेक्स म्हणजे यादीतली जागा: ०, १, २, ३. तिसरी ओळ निवडली की २ यायचा आणि आमचा कोड तो २ एनममध्ये कास्ट करायचा, म्हणजे ‘हा आकडा एनमच समज’ असं सांगायचा. सी शार्प अशा कास्टला अडवत नाही. यादीत नसलेला आकडासुद्धा त्या प्रकारात बिनबोभाट जाऊन बसतो आणि छापायला गेलं की नावाच्या जागी नुसता ‘२’ उमटतो.

म्हणून माझं म्हणणं असं की इथे दोन वेगळे आकडे आहेत आणि मराठीत दोघांनाही शब्द आहेत. यादीतली जागा सांगणारा तो क्रमांक. शब्दातच क्रम आहे, यादी हलली की तो बदलणारच. नावाला कायमचा ठरवून दिलेला तो संकेतांक. पिनकोड आठवा. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशभर लागू झाला आणि तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातल्या वेळणेश्वरचे. ४११००१ म्हटलं की पुणे. पण ती काही पुण्याची मोजदाद नव्हे, त्यात एक मिळवून काही सिद्ध होत नाही. ‘पूर्णांक’ हा फक्त साठवणीचा प्रकार झाला. टिपणांत ‘एनमचा पूर्णांक’ असं मोघम लिहिलंत तर मुलं आमच्याच खड्ड्यात पडतील.

‘काहीच निवडलेलं नाही’ हेसुद्धा दोन्हीकडे वेगळं असतं. सिलेक्टेडइंडेक्स तेव्हा उणे १ असतो. एनमच्या चलात मात्र काही भरलं नाही तर ० असतो, मग ० संकेतांकाचं नाव यादीत असो वा नसो.

प्रतिसाद

क्रमांक आणि संकेतांक हा भेद पटला. पंचांगातही तोच दिसतो. आपल्याकडे शुद्ध प्रतिपदेला १, पौर्णिमेला १५, मग वद्य प्रतिपदेला पुन्हा १, वद्य चतुर्दशीला १४ आणि अमावास्येला एकदम ३०! नुसता ५ पाहून शुद्ध पंचमी की वद्य, हे सांगता येत नाही. आकडा कोणत्या यादीतला, हे आधी ठाऊक असावं लागतं.

वारांचंही तसंच. सी शार्प ज्यावर चालते त्या डॉटनेटमध्ये रविवार ०, जावा या दुसऱ्या भाषेच्या जुन्या कॅलेंडरमध्ये रविवार १, आणि आयएसओ ८६०१ या तारखांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सोमवार १ म्हणून रविवार ७. नाव तेच, संकेतांक तीन ठिकाणी तीन.

प्रतिसाद

‘कन्व्हर्टर’साठी ‘रूपांतरक’ सुचेल, पण त्यात एकाच बाजूचा प्रवास ऐकू येतो: दुधाचं दही झालं, परत दूध नाही. डब्ल्यूपीएफच्या आयव्हॅल्यूकन्व्हर्टरमध्ये दोन कामं आहेत. कन्व्हर्ट माहितीकडून पडद्याकडे सांगतो, कन्व्हर्टबॅक पडद्याकडून माहितीकडे. याला आपला जुना शब्द आहे, दुभाष्या. त्याला गप्पही बसता यावं लागतं. तीन रेडिओ बटणं एका एनमशी बाइंड केली की एक उमटतं तेव्हा दुसरं पुसलं जातं आणि पुसलेलं बटणही कन्व्हर्टबॅकला हाक मारतं. तिथे ‘बाइंडिंग.डूनथिंग’ (‘काही करू नकोस’) परत करायचं, नाहीतर नको ते मूल्य लिहिलं जाईल.

कास्टला मात्र दुभाष्या म्हणू नका. कास्ट आकड्यावरचा शिक्का बदलतो, आकडा तोच राहतो आणि तो यादीत आहे का हे कुणी विचारत नाही. ते विचारायचं तर ‘एनम.इजडिफाइंड’. बाहेरून आलेल्या प्रत्येक आकड्याला मी तो प्रश्न विचारतो.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘एनम’ तसाच ठेवते, पहिल्या व्याख्येत ‘यादीप्रकार’ देते. क्रमांक आणि संकेतांक यांना वेगळं पान देईन आणि तक्रारींचं उदाहरण, सरांची हरकत नसेल तर, तिथे घेईन. कॉम्बोबॉक्सही आता सिलेक्टेडआयटेमने थेट एनमशी जोडून दाखवते, म्हणजे मधे क्रमांक येणारच नाही. आता राहिलं ‘बाइंडिंग’. ‘बांधणी’ चालेल का?

प्रतिसाद

उदाहरण जरूर घ्या. पण बांधणी नको. पुस्तक बांधलं की पान जागचं हलत नाही. इथे तर एकीकडे बदललं की दुसरीकडे पोचायला हवं. नळाची, विजेची असते तशी ‘जोडणी’ म्हणा. वनवे आणि टूवेला रस्त्यावरचेच शब्द आहेत: एकेरी जोडणी, दुहेरी जोडणी. वनवेच्या एकेरी जोडणीत कन्व्हर्टबॅक लागत नाही, दुहेरीत लागतो, हेही त्यातून आपोआप समजतं.