मदत हवी आहे: ओ-यू-जी-एच वाल्या आडवळणी इंग्रजी शब्दांचे अर्थ

नमस्कार मंडळी, नागपूरवरून लिहितेय. संध्याकाळी कॉलनीतल्या पोट्ट्यांचं इंग्रजी घेते, बहुतेक मराठी मिडीयमचे, थोडे सेमीचे. शाळेत स्पेलिंगची स्पर्धा आहे आणि जी लिस्ट हातात दिली आहे त्यात एक अख्खं पान ओ-यू-जी-एच असलेल्या शब्दांचं आहे, नुसत्या स्पेलिंगा, अर्थ एकाचाही नाही. मुलं घोकून टाकतील हो, पण अर्थ माहीत नसताना घोकलेलं स्पर्धा झाली की दुसऱ्या दिवशी गेलेलं असतं, आणि मला ते नकोय.

नेहमीच्या शब्दांची अडचण नाही. टफ, कॉफ, थ्रू, थॉट, थरो, सगळीकडे तीच चार अक्षरं आणि दर ठिकाणी आवाज वेगळा, काहून असं, हे मुलं विचारतातच. त्यांना मी सांगते की जुन्या इंग्रजीत तिथे आपल्या ख च्या जवळपासचा घशातला आवाज होता, तो जी-एच नं लिहायला लागले, मग बोलण्यात तो कुठे गळून गेला, कुठे त्याचा फ झाला, पण इंग्लंडात कॅक्स्टननं १४७६ साली छापखाना टाकला होता आणि छापलेली स्पेलिंग हळूहळू पक्की होत गेली, बोलणं पुढं गेलं नि लिहिणं तिथंच राहिलं. हे त्यांना पटतं.

खरा घोळ पुढे आहे. एस-एल-ओ-यू-जी-एच घ्या. चिखलाची दलदल म्हणायची असेल तर ब्रिटिश उच्चार स्लाऊ, लंडनजवळच्या त्या नावाच्या गावाचाही स्लाऊ, अमेरिकेत दलदलीला स्लू, आणि सापाची कात म्हणायची असेल तर स्लफ! म्हणजे अर्थ कळल्याशिवाय हा शब्द वाचताच येत नाही. म्हणूनच मी अर्थाच्या मागे लागली आहे, हौस म्हणून नाही.

काही मी लावले आहेत. डाउटी म्हणजे शूर, निधड्या छातीचा, स्पेलिंगमध्ये कणकेचा डो दिसतो पण कणकेशी काही संबंध नाही. रॉट हे वर्कचंच जुनं रूप, घडवलेलं या अर्थाचं, त्यावरून रॉट आयर्न, गेट-ग्रिलवाल्यांकडे मुलांनी ऐकलेलं असतं त्यामुळे पटकन बसलं. ब्रूअम म्हणजे एका घोड्याची बंद गाडी, लॉर्ड ब्रूअमच्या नावावरून. लॉक म्हणजे आयर्लंडमधलं तळं, स्कॉटलंडवाले तेच सी-एच नं लिहितात.

अडलेत ते हे: सी-एच लावून चफ, एस लावून सफ किंवा साऊ, एच लावून हॉक, आणि ट्रॉफ. डिक्शनरीतले अर्थ आहेत माझ्याकडे, मला मुलांनी पाहिलेल्या गोष्टीशी जोडून सांगता येईल असं काहीतरी हवंय. कोणाला सुचलं तर प्लीज लिहा.

प्रतिसाद
ताई, स्लफ आमच्या रोजच्या कामातला शब्द आहे, मी नर्स आहे. बऱ्या न होणाऱ्या जखमेवर पिवळसर पांढरा चिकट थर साचतो, मेलेल्या पेशींचा, त्याला स्लफ म्हणतात, ड्रेसिंग करताना पुसला तरी सहजासहजी निघत नाही. तो काढल्याशिवाय खालचं लालसर नवं मांस नीट भरून येत नाही. सापाची कात आणि हे, दोन्हीत अंगावरून सुटणारा मेलेला थरच आहे, त्यामुळे उच्चारही एकच. मुलांना असं सांगून बघा.

प्रतिसाद
चफ म्हणजे कावळ्याच्या जातकुळीतला पक्षी, चकचकीत काळा, पाय लाल. दोन जाती, एकीची चोच लाल आणि खाली वाकलेली, दुसरीची पिवळी आणि आखूड. दोन्ही हिमालयात आहेत, आपल्याकडे दिसायचा नाही, त्यामुळे फोटोच दाखवा, चोच पाहिली की मुलं विसरणार नाहीत.
ट्रॉफ तर आपण दर पावसाळ्यात ऐकतो ताई, हवामानवाले मान्सून ट्रफ म्हणतात तोच हा, कमी दाबाचा लांबट पट्टा. मूळ अर्थ जनावरांना चारा-पाणी द्यायचं लांबट भांडं, गावाकडे असतं ते. तसाच लांब नि खोलगट आकार म्हणून हवामानातही तोच शब्द.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. जखमेचं मला अजिबात माहीत नव्हतं, आणि ट्रफ तर पेपरात इतक्यांदा वाचूनही त्याचं स्पेलिंग या पानावर आहे हे डोक्यातच आलं नाही मुलांच्या. आठवीतली एक पोट्टी लगेच म्हणाली, मॅडम मग ट्रफ आला म्हणजे पाऊस येणार नं.
हॉक मला मिळाला, बैल-घोड्याच्या मागच्या पायाचा मधला सांधा, ओ-सी-के नं पण लिहितात. राहिला सफ. झाडांतून वारा जाताना होणारा हलका आवाज असा अर्थ आहे, पण सळसळ पानांची झाली, घोंघावणं फार जोराचं झालं. सेमिनरी हिल्सवर संध्याकाळी झाडांमधून जो सूं सूं येतो तो माझ्या डोक्यात आहे, त्याला विदर्भात कोणी वेगळा शब्द वापरत असेल तर तेवढा सांगा, शनिवारी मुलांना द्यायचा आहे.