शोधगंगेवर शोधताना

दशावतारावर शोधगंगेत काहीच मिळत नाही, अशी एकाची तक्रार वाचली. शब्द बदलून पाहिलेत का? गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या संस्थेच्या या ऑनलाइन भांडारात भारतीय विद्यापीठांचे पीएचडीचे प्रबंध असतात, पण शीर्षकाची नोंद ज्या त्या विद्यापीठाने आपापल्या मर्जीने केलेली असते. मराठी प्रबंधाचं नाव कुठे देवनागरीत, कुठे रोमन लिपीत, कुठे चक्क इंग्रजी भाषांतरात. रोमनमध्ये तर एकाच शब्दाची तीन-चार स्पेलिंगं! सगळी टाकून बघा. नाहीच जमलं तर विद्यापीठ, मग मराठी विभाग, असं उतरत जाऊन यादी चाळायची. वेळखाऊ आहे, पण मला तरी याच वाटेने जास्त सापडलंय.

आतला मजकूर शोधण्याची फार आशा ठेवू नका. कितीतरी पीडीएफ म्हणजे नुसते स्कॅन केलेले फोटो. काही श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधले, त्यातला उतारा कॉपी केला की भलतीच अक्षरं उमटतात.

प्रकरणांच्या फायली सुट्या असतात. मी आधी संदर्भसूची उघडते. विषयावरची जुनी पुस्तकं आणि मासिकांतले लेख तिथे आयते मिळतात, प्रबंध स्वतः सुमार असला तरी. (सुमार बरेच असतात.)

लेखांसाठी जेस्टोर या संशोधन-नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर फुकट खातं उघडा, दर महिन्याला ठरावीक लेख ऑनलाइन वाचता येतात. गूगल स्कॉलर या संशोधनपर लेख शोधायच्या गूगलच्या सेवेवर लेखाखालच्या ‘सर्व आवृत्त्या’ही तपासा, कधीकधी लेखकानेच मोफत प्रत ठेवलेली असते.