पाया कोरियातला आहे
असं म्हटलं जातं की इव्हॅन्जेलिकल (धर्मप्रसारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट ख्रिस्ती) मदतसंस्था अमेरिकेतल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश सरकारच्या निधीमुळे फोफावल्या. निधी मिळाला हे खरं, पण पाया कोरियन युद्धातला. १९५० मध्ये अमेरिकन धर्मोपदेशक बॉब पिअर्स यांनी वर्ल्ड व्हिजन ही संस्था काढली, १९५२ मध्ये एव्हरेट स्वॉन्सन यांनी कम्पॅशन या दुसऱ्या संस्थेचं काम सुरू केलं. वाढीची किल्ली म्हणजे बालप्रायोजकत्व: देणगीदाराकडे एका मुलाचा फोटो, त्याच्याकडून दरमहा ठरावीक रक्कम, बदल्यात मुलाच्या हातचं पत्र. दुष्काळाची बातमी ओसरली की देणग्या आटतात. हा पैसा मात्र महिन्याच्या महिन्याला येत राहतो, म्हणून अनेक वर्षांचं नियोजन जमतं.

अडचणही तिथेच. एका भावाला वह्या-दप्तर, दुसऱ्याला काहीच नाही, की घरात धुसफूस सुरू. म्हणून वर्ल्ड व्हिजनने पुढे पैसा एकत्र करून पाणी, शाळा, आरोग्य अशा गावाच्या कामांकडे वळवला. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो. कम्पॅशन स्थानिक चर्चमार्फतच काम करते. तिच्याकडून येणाऱ्या परदेशी निधीला भारत सरकारच्या पूर्वपरवानगीची अट लागल्यावर २०१७ मध्ये तिला भारतातून गाशा गुंडाळावा लागला. भारताच्या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर तर असा निधी दुसऱ्या संस्थेला देताच येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेच्या पैशावर गावात काम करणाऱ्या छोट्या संस्थांची यात फार ओढाताण झाली.