मुंबई–न्यूयॉर्क: कि.मी. किती धरायचे?

निवृत्त कंट्रोलर, सातारा
लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं जूनमध्ये निघतोय. पहिलाच विमानप्रवास. एकतीस वर्षं एसटीत काढली, त्यामुळे तिकीट हातात आलं की आधी कि.मी. आणि धावण्याची वेळ बघायची खोड. मुंबईहून सुटणार रात्री १.५०, न्यूयॉर्क त्याच तारखेला सकाळी ७.५५. सहा तासांत अमेरिका! जावई म्हणाले, साडेनऊ तासांचा फरक मिळवा. झाले १५.३५. परतीचं २० नोव्हेंबरचं: तिकडून सकाळी ११.३०, मुंबई दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३५. साडेनऊ वजा केले, पुन्हा १५.३५. जाता-येता सारखं, हिशेब जुळला.

अडलंय ते अंतरापाशी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, आफ्रिकेवरून जाते आणि आकडा सोळा हजारांच्या घरात. नेटवर म्हणतात साडेबारा हजार. मधले साडेतीन हजार कुणी खाल्ले?

भूगोलवाल्या बाई, वाई
नकाशाने खाल्ले! गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरली की उत्तरेकडची अंतरं ताणली जातात. कुठून तरी पृथ्वीगोल आणा, मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो आफ्रिकेकडे फिरकणारसुद्धा नाही. तुर्कमेनिस्तान, रशिया, फिनलंड, मग ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून कॅनडात उतरेल. हेच साडेबारा हजार. विमान अगदी त्याच दोऱ्यावरून जातं असं मात्र नाही. भारतीय कंपनीचं असेल तर एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानची हद्द त्यांना बंद आहे, वळसा पडतो.

एडिसनकर
काका, परतीत एक तासाची गफलत आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथे अमेरिकेत घड्याळं तासभर मागे घेतात. तेव्हा फरक साडेदहाचा, म्हणजे येताना १४.३५. दहा-अकरा कि.मी. उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर.

आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा. माझ्या आईने बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी नीट गुंडाळून ठेवल्या होत्या. सोळा तास नुसती जपमाळ. सीट खिडकीची नको, मधल्या वाटेच्या कडेची घ्या, दर दोन तासांनी काकूंना उठवून चालवा.

निवृत्त कंट्रोलर, सातारा
शेजारच्या पोराचा बारा इंची पृथ्वीगोल आणला. हिच्या शिवणाच्या डब्यातला दोरा. मुंबईवर हिने बोट दाबून धरलं, न्यूयॉर्कवर मी. मोजला तर बरोबर तीस सेंटिमीटर, अख्खी फूटपट्टी! एक सेंटिमीटरला चारशेअठरा कि.मी. धरले, साडेबारा हजार निघाले. आमच्या सहा कि.मी.च्या टप्प्याने दोन हजारांवर टप्पे होतात.

घड्याळाची चूक कबूल. आणि जाता-येता सारखं धरायला नको होतं हे मला तरी कळायला हवं होतं. खंबाटकीला पुण्याकडे जाताना बोगदा, साताऱ्याकडे येताना घाट. तिथे कुठे सारखा वेळ लागायचा?

हिला कडेची सीट नको. ग्रीनलंड खिडकीतून दिसेल का विचारतेय. गुडघे तिचे, त्यामुळे वाद घालत नाही. मधली सीट माझी.